नशा न आणणारे व्यसन : बालाघाटचे तेंदूपान आणि तंबाखूची पकड

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या जंगलात उन्हाळ्याला दोन हंगाम असतात. होळीच्या आगेमागे मोहाची फुले गळू लागतात आणि पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे झाडाखाली पोहोचतात. ही वेचणी सरते न सरते तोच तेंदूची, म्हणजेच टेंभुर्णीची, पाने खुडण्याचे दिवस येतात. मोहाच्या फुलांपासून दारू गाळली जाते. तेंदूच्या पानात तंबाखू गुंडाळून विडी वळली जाते. दोन्ही वस्तू एकाच जंगलाच्या, पण लोकांच्या बोलण्यात त्यांना सारखे स्थान नाही. मोहाची पिणारा ‘नशा करतो’. विडी ओढणाऱ्याविषयी मात्र असे कोणी म्हणत नाही. विडी म्हणजे कामातला विसावा, पाहुण्याचे स्वागत, फार तर एक किरकोळ सवय.

हा भेद केवळ बालाघाटपुरता नाही. गोव्यात ‘अमली पदार्थ’ हे शब्द उच्चारले की किनारपट्टीवरील छापे, गांजा, कोकेन आणि मेजवान्यांतील गोळ्या डोळ्यांसमोर येतात. कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिळणारी सिगारेट, विडी किंवा तंबाखूची पुडी त्या यादीत कोणी धरत नाही. मात्र एकदा चाखलेली वस्तू पुढे किती जणांना सोडता येत नाही, या कसोटीवर तंबाखूचा क्रमांक वरचा लागतो. काही मोजमापांत तर अगदी पहिला. हे कसे घडते आणि त्यातून काय समजून घ्यावे, हा प्रश्न जिथे ते पान खुडले जाते तिथपासून, ते जिथे पेटते तिथपर्यंत, सर्वांचा आहे.

नशा एक, तलफ दुसरी

या गैरसमजाचे मूळ शब्दांत आहे. ‘नशा’ म्हणजे झिंग: तोल जाणे, भान हरपणे, बोलणे अडखळणे. दारू, अफू, गांजा यांचा हा परिणाम इतरांना दिसतो, म्हणून समाज त्यांना भितो. तंबाखूने असे काही होत नाही. विडी ओढून माणूस शेत नांगरतो, बस चालवतो, हिशेब लिहितो. उलट ती ओढल्यावर डोके ठिकाणावर आल्यासारखे त्याला वाटते.

मराठीत दुसराही एक नेमका शब्द आहे: ‘तलफ’. व्यसनाचे वैद्यकीय निदान झिंगेवरून होत नाही; ते या तलफेवरून आणि तिच्या परिणामांवरून होते. ठरवूनही प्रमाण आवरता न येणे, वस्तू न मिळाल्यास शरीर व मन अस्वस्थ होणे, तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे, अपाय ठाऊक असूनही सेवन चालू राहणे आणि सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, ही त्याची लक्षणे आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेत तंबाखूवरील अवलंबित्वाचा समावेश १९८० मध्ये झाला. १९८८ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की तंबाखूतील निकोटीन हेच व्यसन लावणारे द्रव्य आहे, आणि या व्यसनामागील शारीरिक व वर्तनविषयक प्रक्रिया हेरॉइन व कोकेन यांच्या व्यसनासारख्याच आहेत.

आकडे काय सांगतात

व्यसन लावण्याची शक्ती मोजण्याची एक सरळ पद्धत अशी : ज्यांनी एखादा पदार्थ एकदा तरी घेतला, त्यांपैकी किती जण पुढे त्याच्या आहारी गेले? अँथनी, वॉर्नर आणि केसलर या संशोधकांनी अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे १९९४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. तंबाखू वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक कधी ना कधी तिच्या आहारी गेले होते. हेरॉइनसाठी हे प्रमाण सुमारे २३ टक्के, कोकेनसाठी १७ टक्के, दारूसाठी १५ टक्के आणि गांजासाठी ९ टक्के होते.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने आयुष्यभराची शक्यता मोजली. त्यात निकोटीनच्या आहारी जाण्याची शक्यता ६७ टक्क्यांहून अधिक, तर दारूची सुमारे २३, कोकेनची २१ आणि गांजाची ९ टक्के निघाली. पहिली सिगारेट ओढणाऱ्यांपैकी किती जण निदान काही काळ तरी रोज ओढू लागतात, याचा हिशेब लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी अनेक सर्वेक्षणे एकत्र करून २०१८ मध्ये मांडला. उत्तर होते सुमारे ६९ टक्के.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. ते बालाघाटला किंवा बार्देशला जसेच्या तसे लागू होतील असे नाही. दोन, ते केवळ द्रव्याची ताकद मोजत नाहीत. तंबाखू स्वस्त आहे, कायदेशीर आहे आणि दर शंभर पावलांवर मिळते; हेरॉइन मिळवायला पैसा लागतो आणि तुरुंगाची भीती पत्करावी लागते. सहज मिळण्यानेही व्यसनाची वाट रुंद होते.

म्हणून तज्ज्ञांनी वेगळ्या पद्धतीनेही तुलना केली आहे. डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तज्ज्ञांच्या गुणांकनावर आधारित यादी प्रसिद्ध केली. अवलंबित्वाच्या कसोटीवर ३ पैकी हेरॉइनला ३, कोकेनला २.३९, तंबाखूला २.२१ आणि दारूला १.९३ गुण मिळाले. म्हणजे या यादीत तंबाखू हेरॉइनच्या खाली, पण दारूच्या वर आहे. मोजपट्टी बदलली की क्रम थोडा बदलतो. मात्र तंबाखू कोणत्याही पट्टीवर तळाशी जात नाही.

दहा सेकंदांचा खेळ

तंबाखूची ही ताकद तिच्या वेगात आहे. धूर फुप्फुसात गेल्यावर निकोटीन रक्तात मिसळते आणि साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते अ‍ॅसिटिलकोलीन या नैसर्गिक संदेशवाहकासाठी असलेल्या ग्राहींवर जाऊन बसते; त्यातून डोपामिन स्रवते आणि ‘हे पुन्हा करावे’ असा धडा मेंदू गिरवतो. कृती आणि बक्षीस यांत जितके कमी अंतर, तितका हा धडा पक्का. दारूचा परिणाम जाणवायला काही मिनिटे जातात. झुरक्याचा जवळजवळ तत्काळ येतो.

त्याला आवृत्तीची जोड मिळते. दिवसाला २० विड्या आणि प्रत्येकीचे १२ झुरके धरले, तर दिवसाकाठी २४० वेळा हा धडा गिरवला जातो. वर्षाला ८७ हजारांहून अधिक वेळा. दुसरा कोणताही मादक पदार्थ माणूस इतक्या वेळा घेत नाही. शिवाय प्रत्येक झुरका एखाद्या प्रसंगाशी बांधला जातो : सकाळचा चहा, जेवणानंतरची घटका, बांधावरची विश्रांती, मित्राची भेट. पुढे तो प्रसंग आला की तलफ आपोआप जागी होते.

निकोटीनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. सवयीच्या माणसात त्याच्या ग्राहींची संख्या वाढलेली असते, आणि त्या रिकाम्या पडू लागल्या की चिडचिड, बेचैनी, एकाग्रता ढळणे, भूक वाढणे, झोप बिघडणे असे त्रास सुरू होतात. पुढची विडी हे त्रास शमवते. विडीने डोके शांत होते, असे म्हणणारा खोटे बोलत नाही. परंतु शांत होणारी अस्वस्थता बहुतांशी आधीच्या विडीनेच निर्माण केलेली असते. उसनवारी फेडण्यासाठी पुन्हा त्याच सावकाराकडे जावे, तसा हा व्यवहार आहे. पौगंडावस्थेत सुरुवात केलेल्यांमध्ये ही पकड अधिक घट्ट बसते, कारण त्या वयात मेंदूची घडण चालू असते.

लहान विडी, मोठा भ्रम

विडी सिगारेटपेक्षा लहान, पानात गुंडाळलेली, ‘नैसर्गिक’. म्हणून ती सौम्य असावी, हा समज खोलवर रुजला आहे. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. सिगारेटच्या तुलनेत ती बहुधा पाव हिश्श्याच्या आसपास भरते. मात्र २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी मोजणीत विडीतील तंबाखूत दर ग्रॅममागे सरासरी २१.२ मिलिग्रॅम निकोटीन आढळले, तर फिल्टरच्या सिगारेटमध्ये १६.३ मिलिग्रॅम. तेंदूचे पान कागदासारखे हवा खेळू देत नाही आणि ते सहज विझते. विडी पेटती ठेवायची तर वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी लहानशा विडीतूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर प्रमाणात शरीरात जातात.

चघळण्याच्या तंबाखूचे शास्त्र वेगळे, पण शेवट तोच. तंबाखूत चुना मळल्याने मिश्रण क्षारीय होते आणि त्या अवस्थेत निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून सहज शोषले जाते. तळहातावर चुना आणि तंबाखू चोळणाऱ्या हाताला रसायनशास्त्र ठाऊक नसते. अनुभव मात्र असतो. येथे निकोटीन धुराइतके झटकन चढत नाही, पण रक्तात अधिक वेळ टिकून राहते.

हेरॉइनइतकी, म्हणजे नेमकी किती?

तंबाखू ‘हेरॉइनइतकीच वाईट’ असे सरसकट म्हणणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल. हेरॉइनच्या अतिमात्रेने श्वास बंद पडून माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर भ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा व्यक्तीची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते. विडी सोडल्याने कोणी मरत नाही. तिचे त्रास पहिल्या आठवड्यात टोकाला जातात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

मग ती सोडणे इतके अवघड का? याचे एक उत्तर व्हिएतनाम युद्धानंतरच्या एका गाजलेल्या अभ्यासात मिळते. तेथे लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश हेरॉइनच्या आहारी गेल्याचे आढळले होते. संशोधिका ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्या या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेल्यांचे प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. व्यसनाला बांधलेले वातावरण आणि सहज मिळणारा पुरवठा मागे राहिला, हे त्याचे मोठे कारण मानले गेले. विडी सोडू पाहणाऱ्याला अशी सुटका नसते. त्याचे रणांगण म्हणजे त्याचेच घर, त्याचेच शेत आणि त्याचाच कट्टा. शेजारी विडी पेटवतो, दुकानदार न मागता पुडा पुढे करतो.

शिवाय तंबाखू झिंग आणत नाही, हेच तिचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. दारूड्याला घरचे टोकतात, कामावरून काढतात, पोलीस अडवतात. विडीवाल्याला कोणी अडवत नाही. फुप्फुसे, हृदय आणि तोंड यांची हानी वीस-तीस वर्षांनी पुढे येते. भारतात दरवर्षी सुमारे साडेतेरा लाख मृत्यू तंबाखूमुळे होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जिवांचा हिशेब मांडला तर तंबाखू सर्व बेकायदा मादक पदार्थांच्या कितीतरी पुढे आहे.

पानाचे मोल

बालाघाट हा जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागातला जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यातला, महाराष्ट्राच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. निम्म्याहून अधिक क्षेत्र जंगलाचे, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच जिल्ह्यात, आणि या जंगलात गोंड व बैगा समाजांची वस्ती. येथे तेंदूपान हे व्यसनाचे साधन नंतर, आधी रोकड आहे. पावसाळ्यापूर्वी बियाणे, शाळेचा खर्च, जुने देणे यांसाठी हातात येणारा तो पैसा.

मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये कायदा करून तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या हाती घेतला, आणि आज हे राज्य या पानांच्या उत्पादनात देशात अग्रेसर आहे. पाने ५० च्या पुड्यांत बांधून फडावर मोजली जातात. १,००० पुड्यांचा एक मानक बोरा. २०२४ मध्ये राज्य सरकारने बोऱ्याचा दर ३,००० रुपयांवरून ४,००० रुपये केला. हिशेब केला तर एका पानाला ८ पैसे. नफ्यातील वाटा नंतर बोनस म्हणून मिळतो, तो वेगळा.

याच राज्याच्या पश्चिम टोकाला, मंदसौर आणि नीमच भागात, अफूची शेती होते. तेथे प्रत्येक शेतकऱ्याला ग्वाल्हेरस्थित केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना लागतो आणि पिकलेली अफू सरकारलाच द्यावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची टांगती तलवार वर असते. पूर्व टोकाला तेंदूपानाची खरेदीही सरकारी यंत्रणेमार्फतच होते, पण ते पान पुढे खुल्या बाजारात जाते. विज्ञानाच्या मोजपट्टीवर दोन्ही व्यसने शेजारी आहेत. कायद्याच्या मोजपट्टीवर त्यांच्यात सारे राज्य आडवे पडले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट व गुटख्यासाठी ४० टक्के दर ठरवला, तर विडीवरचा दर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचा निर्णय घेतला. पान खुडणाऱ्या व विडी वळणाऱ्या लाखो हातांचा विचार त्यामागे असू शकतो. पण स्वस्त विडी बहुतांशी त्याच हातांत परत येते, हेही तितकेच खरे आहे.

गोव्याचा धडा

तंबाखू भारतात आणली पोर्तुगिजांनी. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारातून असद बेग या सरदाराने ती अकबराकडे नेली आणि १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदीही घातली. बंदीने काही साधले नाही. तोवर तलफ रुजली होती.

ज्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचे राज्य साडेचार शतके टिकले, त्या गोव्यात आज देशातील सर्वांत कमी तंबाखू सेवन करणाऱ्या राज्यांपैकी एकाचे चित्र दिसते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. मध्य प्रदेशात हे प्रमाण ३४.२ टक्के होते, गोव्यात ९.७ टक्के. गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्यास मनाई करणारा कायदा १९९७ मध्येच, म्हणजे २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या आधी, केला. गुटख्यावर २००५ मध्ये बंदी आणली. मध्य प्रदेशानेही २०१२ मध्ये अन्नसुरक्षा नियमांखाली गुटखाबंदीत पुढाकार घेतला, आणि तेथील प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील ३९.५ टक्क्यांवरून खाली आले. व्यसनाचे प्रमाण म्हणजे विधिलिखित नव्हे, एवढे यातून निश्चित दिसते. मात्र गोव्यात हे प्रमाण २००९-१० मध्ये ८.८ टक्के होते. ते घटले नाही, किंचित वाढले. निर्धास्त राहावे असे काही नाही.

सोडणे म्हणजे उपचार

तंबाखू हे खरे व्यसन आहे, हे मान्य केले की सोडू न शकणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्याच सर्वेक्षणात देशातील ५५.४ टक्के धूम्रपान करणारे आणि ४९.६ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे ती सोडण्याचा विचार वा बेत करत होते. इच्छा आहे, पण नुसत्या निश्चयावर सोडू पाहणाऱ्या शंभरांतील जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे अभ्यास सांगतात. त्यात चारित्र्याचा दोष नाही. मेंदूने लाखो वेळा गिरवलेला धडा पुसायला मदत लागते.

ही मदत उपलब्ध आहे. निकोटीनचा च्युइंगगम किंवा पट्टी धुराशिवाय थोडे निकोटीन देऊन तलफ सौम्य करते आणि मात्रा हळूहळू घटवता येते. व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत यांचा समावेश आहे. औषधाला समुपदेशनाची जोड दिली की यशाची शक्यता आणखी वाढते. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तर हरलो असे समजू नये. कायमची सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात.

घरच्यांनाही येथे काम आहे. पहिले तीन-चार आठवडे चिडचिड सोसणे, चहानंतरच्या त्या दहा मिनिटांत सोबत करणे, घरात पुडा न ठेवणे, हे उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आणि प्रश्नही बदलायला हवा. ‘नशा करतोस का?’ या प्रश्नाला विडी ओढणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, मग तो बालाघाटच्या फडावरचा असो वा म्हापशाच्या बाजारातला. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रोम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीतला पहिला प्रश्न वेगळा आहे : सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली पेटवता? उत्तर पाच मिनिटांच्या आत असेल, तर त्या चाचणीत त्याला सर्वाधिक गुण मिळतात. तोल न जाता, भान न हरपता, तो माणूस व्यसनाच्या घट्ट पकडीत असतो. त्याला हिणवण्याची गरज नाही. गरज आहे ती त्याची तलफ खरी मानण्याची आणि तिच्यावर उपचार आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची.